पिशवीत एकच वजन

बाळा, श्रीरामपुरात किराणा-भुसाराचं दुकान टाकायचं तू ठरवलंस आणि घरातल्या प्रत्येकाला एकदम सल्ला सुचायला लागला. जागा कुठली घ्यायची, माल कुठून उचलायचा, जीएसटीचं कोण बघणार, हे सांगायला तुझा बाप आहे, मामा आहे. मी नगरच्या दाळमंडईत उभं आयुष्य काढलं. मला काटा कळतो, उधारी कळते आणि थोडीफार माणसं कळतात. यातलं बरंचसं शास्त्रातून आलंय म्हटलं तर तू हसशील, कारण तुझ्या लेखी शास्त्र म्हणजे रविवारची उपासना. पण दुकानदाराच्या कामाचं शास्त्रात जेवढं आहे, तेवढं उपदेशात कधी येत नाही. पाळकसाहेबांचा तरी काय दोष! ते गल्ल्यावर कुठे बसलेत?

अनुवादाचा पंचविसावा अध्याय काढ. तिथे ‘लबाडी करू नका’ असं मोघम सांगून सोडून दिलेलं नाही. पिशवीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं बाळगायची नाहीत, घरात एक मोठं आणि एक लहान अशी दोन मापं ठेवायची नाहीत, असा नेमका हुकूम आहे. वापरणं दूरच, जवळ ठेवायलाच बंदी. ज्याने हे लिहिलं त्याला व्यापारी चांगला ठाऊक असणार. दुसरं वजन हाताशी असलं की एखाद्या मंदीच्या दिवशी ते बाहेर निघतंच.

तेव्हाची वजनं दगडाची असत आणि व्यापारी ती पिशवीत घालून हिंडत. यहूदाच्या भागातल्या उत्खननात चुनखडीची, वरून घुमटासारखी गोल आणि खाली सपाट अशी वजनं सापडली आहेत. शेकेल म्हणजे साधारण ११ ग्रॅम. नाणी अजून आली नव्हती, त्यामुळे गिऱ्हाइकाची चांदीही तोलूनच घ्यायची. हे लक्षात आलं की आमोस संदेष्टा कशावर एवढा खवळला होता ते कळतं. धान्य मोजायचा एफा, म्हणजे सुमारे २२ लिटरचं माप, ते व्यापाऱ्याने लहान केलेलं. चांदी ज्याच्यासमोर तोलायची तो शेकेलचा दगड मुद्दाम जड केलेला. वर काट्याची दांडी खोटी. एकाच सौद्यात गरीब माणूस दोन बाजूंनी कापला जायचा, आणि घरी जाऊन पोतं सोडलं तर आत गव्हाचा केरकचरा. एवढं करून ही मंडळी शब्बाथ कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो म्हणून तळमळत बसलेली. आमोस स्वतः तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. बाजारात तो विकणाऱ्याच्या बाजूला कमी आणि घेणाऱ्याच्या बाजूला जास्त उभा राहिला असेल, असा माझा आपला अंदाज.

आता तू म्हणशील, आजोबा, हल्ली काटे इलेक्ट्रॉनिक आहेत, दगड कुठे राहिलेत? म्हणून आधी काट्याचंच सांगतो.

काटा सपाट फरशीवर ठेव. बहुतेक काट्यांना बुडबुड्याची एक बारीक डबी असते. बुडबुडा गोलाच्या मधोमध आला पाहिजे. डोक्यावरच्या पंख्याचा वारा पारड्यावर येऊ देऊ नकोस, दहा-वीस ग्रॅमचा खेळ वाराच करून जातो. शिक्क्याचं एक किलोचं वजन दुकानात ठेव आणि सकाळी शटर वर गेलं की ते काट्यावर ठेवून बघ. आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूलाही दिसेल असाच काटा घे. वैधमापन खात्याचा शिक्का लोखंडी वजनांना दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी लागतो. मध्ये दुरुस्ती झाली तर नव्याने. त्याचं प्रमाणपत्र फाइलीत न ठेवता भिंतीवर लाव.

आता शिक्का असलेल्या काट्यावरही पाप कसं होतं ते ऐक. साखर ओतताना धार चालू असते, तेव्हा पडत्या मालाच्या जोराने आकडा थोडा वर जातो. सराईत पोरगा नेमक्या त्या क्षणी ‘झाले बघा किलो’ म्हणून पिशवी उचलतो. हात थांबू दे, आकडा ठरू दे, मग बोल. दुसरं म्हणजे डबा किंवा खोकं. रिकामं भांडं ठेवून आधी काटा शून्यावर आण, मग माल घाल. नाहीतर काजूच्या भावात पुठ्ठा विकला जातो. दिवाळीत हे किती ठिकाणी चालतं ते तू स्वतःच बघतोस.

मी लहान होतो तेव्हा पायली, अधोली, मापटं, चिपटं चालायचं. १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू किलो-लिटर आलं. त्या जुन्या मापांत हाताची करामत फार होती. माप सैल भरलं तर दाणे पोकळ बसतात; तेच माप दोनदा हलवलं की दाणा खाली बसतो आणि वर मूठभर जागा होते. लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू देण्याबद्दल बोलतो तेव्हा दाबलेलं, हलवलेलं, शीग लावून ओसंडणारं माप पदरात पडेल असं म्हणतो. बाजारात उभं राहिल्याशिवाय असं बोलता येत नाही. सपाट माप कायद्याला पुरे असतं. तू शेवटी चिमूटभर वर टाकत जा, आणि टाकलंस म्हणून बोलून दाखवू नकोस.

पण बाळा, खरी दोन वजनं हल्ली काट्यावर नसतातच, ती जिभेवर असतात. ओळखीच्याला एक भाव, अनोळख्याला दुसरा. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते तेव्हा बघ. आपलीच ख्रिस्ती माणसं यात्रेकरूंना पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त भावाने देतात आणि वर ‘थंड करायचे पैसे’ म्हणतात. छापील किमतीवर एक रुपयाही घेता येत नाही. थंड असो की गरम. किंमत वाढवणारं चिकटपत्र लावणं हाही गुन्हाच. कमी करायची असेल तर लावता येतं, तेही मूळ छापा झाकायचा नाही. परगावच्या माणसाशी वेगळ्या मापाने वागायचं नाही, ही गोष्ट लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात खऱ्या तराजूच्या आज्ञेला लागूनच आली आहे. आधी परक्याला आपल्यासारखा वागव म्हटलंय, लगेच पुढच्या ओळीला मापं आणि वजनं. हे शेजारी-शेजारी उगाच आलेलं नाही.

सुट्ट्या पैशांचंही तसंच. ‘सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या’ हे बंद. एक-दोन रुपयांची नाणी बँकेतून आणून गल्ल्यात ठेव. न मागितलेली वस्तू गळ्यात मारणं ही विक्री नव्हे.

आता खरेदीच्या बाजूला ये. तू शेतकऱ्याकडून थेट ज्वारी-बाजरी, हरभरा घेणार म्हणतोस. चांगलं आहे. पण आपल्या लोकांना विकताना खोटं बोलणं पाप वाटतं आणि घेताना वाटत नाही. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे: सौदा होईपर्यंत माल वाईट, वाईट म्हणून नाक मुरडतो आणि गल्लीबाहेर पडला की काय स्वस्तात मारला म्हणून फुशारकी सांगतो. मला शास्त्रातला हा माणूस फार आवडतो, कारण तो आडते बाजारात मी रोज पाहिलाय. तू तसा होऊ नकोस. हरभरा आवडला असेल तर आवडला म्हण, आणि भाव जेवढा परवडतो तेवढाच सांग. ओल आहे म्हणून कापायचं असेल तर त्याच्यादेखत दाणा दाताखाली फोड, किंवा ओल मोजायचं यंत्र आण. बारदानाची घट अंदाजाने धरू नकोस. रिकामं पोतं काट्यावर टाक आणि आकडा दाखव. आणि ज्या काट्यावर विकतोस त्याच काट्यावर घे. मागच्या खोलीत खरेदीचा वेगळा काटा दिसला तर मी तुझ्या दुकानात चहाही घेणार नाही.

मजुरीचं एक सांगतो, ते मात्र हृदयात कोरून ठेव. गाडी आली, हमालांनी पोती उतरवून थप्पी लावली, की त्यांचे पैसे दिवस मावळायच्या आत हातात पडले पाहिजेत. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात हेच आहे: तो गरीब आहे आणि त्याचं चित्त त्या मजुरीवर लागलेलं आहे. याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. दुकानदाराला ‘उद्या ये’ म्हणायला काहीच लागत नाही. ऐकणाऱ्याच्या घरी त्या रात्री तेल लागतं. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ सालापासून आहे. जिथे मंडळ लागू असेल तिथे मजुरी आणि लेव्ही मंडळाकडेच भरायची, हमालाशी परस्पर कमी पैशात ठरवायचं नाही. त्याला घाई असते म्हणून तो हो म्हणतो.

दुकानात पोरगा ठेवशील त्याचा पगार एकदाच ठरव. लाबानाने याकोबाची मजुरी दहा वेळा बदलली, असं याकोब स्वतः बायकांना सांगतो. त्यातून पुढे काय झालं? याकोब एके दिवशी बायका-मुलं, गुरं-मेंढरं घेऊन न सांगता निघून गेला. चांगलं माणूस असंच जातं.

उधारीवर जरा बसून बोलतो, कारण किराण्याचं दुकान उधारीवर चालतं आणि उधारीनेच बुडतं. देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. साखर कारखान्याच्या पट्ट्यात उसाचे पैसे आल्यावरच लोकांचा हात मोकळा होतो. पण नीट बघ. उधारीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, त्याचं नाव तुझ्या वहीत अडकलेलं असतं. तिथेच दुसरं वजन बाहेर निघतं. त्याला तांदूळ जरा तळातले, तूरडाळीचा भाव दोन रुपये चढा, तेलाचा डबा थोडा जुना. तो बोलत नाही. जो बोलू शकत नाही त्याच्यासमोरच तुझ्या काट्याची परीक्षा आहे. रोखीच्या आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला माल एकाच पोत्यातून दे, भाव एकच लाव. उधारीत तोटा होत असेल तर उधारीची मर्यादा कमी कर, पण मालात कापू नकोस. आणि हातावर पोट असणाऱ्याच्या बाकीवर व्याज लावायचं नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात गरिबाशी सावकारासारखं वागू नको असं साफ आहे.

वसुलीच्याही रीती शास्त्रात आहेत. कर्जदाराच्या घरात घुसून तारण उचलायचं नाही, बाहेर उभं राहायचं, तो आणून देईल ते घ्यायचं. गरिबाची पांघरायची वस्त्रं तारण घेतलीच तर दिवस मावळायला परत करायची. जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घ्यायची नाही, कारण त्यावर घराचं पोट चालतं. आजच्या भाषेत सांगू? शिंप्याचं मशीन, सुताराचा रंधा, रिक्षावाल्याचे कागद, यांना हात लावायचा नाही. आणि बाकी मागायची ती एकट्याला गाठून. चार लोकांत, त्याच्या जावयादेखत, शाळेच्या फाटकात मुलासमोर तर कधीच नाही. तुमचा तो व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असतो, त्यात थकबाकीदारांची यादी टाकणारे दुकानदार मी पाहिले आहेत. दाराबाहेर उभं राहा असं ज्याला सांगितलं होतं, त्याने घरात घुसण्याचाच हा प्रकार.

हिशोब मात्र कडक ठेव. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय मी प्रत्येक नव्या दुकानदाराला वाचायला सांगतो. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि तशात चुलतभाऊ हनामेल अनाथोथचं शेत विकायला येतो. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार घेतले, खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि बारूखाला सांगून मातीच्या भांड्यात ठेवायला लावल्या. देश बुडत असताना, चुलतभावाशी व्यवहार असताना, एवढी लिखापढी! तेव्हा ‘घरचाच आहे, कशाला लिहायचं’ हे वाक्य दुकानात उच्चारू नकोस. उधारीची नोंद तुझ्या वहीत कर आणि गिऱ्हाइकाच्या छोट्या वहीतही कर, त्याच शाईने, त्याच वेळी. त्याची वही बंद प्रत, तुझी उघडी.

कोणी काही फुकट देऊ केलं तर अब्राहामाचा मकपेलाचा सौदा आठव. एफ्रोन हित्ती सुरुवातीला फुकट घ्या म्हणाला. अब्राहामाने ऐकलं नाही. वेशीत सगळ्यांसमोर चारशे शेकेल चांदी व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने तोलून दिली, आणि नोंद कशाची? शेत, त्यातली गुहा, आणि चतुःसीमेच्या आतली झाडंसुद्धा. आपल्या खरेदीखतात विहीर आणि आंब्याची झाडं लिहितात तसंच. फुकट मिळालेली गोष्ट पुढे नात्यात खुपत राहते. तुझ्या मामाने गोदाम ‘वापर की’ म्हटलं ना? त्याला भाडं ठरवून दे, कागद कर. तो रागावेल, दोन दिवस.

टंचाईचं फार बोलत नाही. धान्य अडवून धरणाऱ्याला लोक शाप देतात, असं नीतिसूत्रांत आहे आणि ते २०२० च्या टाळेबंदीत डोळ्यांनी दिसलं. सरकारला सॅनिटायझरच्या २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा घालावी लागली, ती काही उगाच नव्हे. साठवण करणं पाप नाही. योसेफाने सात वर्षं साठवलंच की. पण दुष्काळ आल्यावर त्याने कोठारं उघडली. पुढे त्याच धान्याच्या बदल्यात लोकांची गुरं, जमिनी आणि शेवटी ते स्वतःही फारोचे झाले, तो भाग मला कधी पटलेला नाही. पाळकांना विचारलं तर विषय बदलतात. तू एवढंच कर: ज्या भावाने माल पडला त्यावर नेहमीचा नफा धर, टंचाईचा वेगळा नफा धरू नकोस, आणि एका घराला एका वेळी किती द्यायचं ते ठरव.

तोलात चूक होईल, बिलात होईल. लक्षात आली की गिऱ्हाईक परत यायची वाट बघू नकोस, निरोप धाड. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात नियम मुद्दल अधिक पाचवा हिस्सा असा आहे, म्हणजे शंभर जास्त घेतले गेले तर एकशेवीस परत. जक्कय जकातदाराने चौपट देईन म्हटलं, पण त्याने मुद्दाम लुबाडलं होतं. तुला वीस टक्के पुरे. गिऱ्हाईक ‘राहू द्या हो’ म्हणेल. राहू देऊ नकोस, वरच्या वीस रुपयांची साखर बांधून दे.

दुकानाच्या नावाच्या पाटीवर वचन लिहायचं तुझ्या आईच्या मनात आहे असं कळलं. माझं मत विचारशील तर नको. वचन घरात लाव. पाटी बघून माणूस निर्धास्त होतो आणि काट्याकडे बघायचं सोडतो; ती निर्धास्ती तुला परवडणार नाही, पोरग्यालाही नाही. आणि प्रामाणिकपणाने बरकत येतेच, असं कोणी सभेत सांगितलं तर मान डोलावून घरी ये. नेहमी येत नाही. नीतिसूत्रांच्याच सोळाव्या अध्यायात अन्यायाच्या मोठ्या मिळकतीपेक्षा नीतीने मिळालेलं थोडकं बरं, असं आहे. म्हणजे थोडकंच मिळू शकतं हे लिहिणाऱ्याने धरूनच ठेवलंय. समोरच्या दुकानात भेसळीचं तिखट पन्नास रुपये स्वस्त मिळेल आणि तुझी गिऱ्हाइकं काही महिने तिकडे जातील. तेव्हा भाडं भरता येईल एवढी रक्कम आधीच बाजूला काढून ठेव. स्वच्छ धंद्याला हाताशी शिल्लक लागते.

राहिलं मंडळीचं. दुकान जरा चाललं की दुकानदाराला हिशोब येतो म्हणून चर्चचा खजिनदार करतात. योशीया राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचे पैसे ज्यांच्या हाती दिले त्यांच्याकडून हिशोब मागितला नाही, कारण ते सचोटीने वागत. असं दुसऱ्या राजांत आहे, आणि जुने लोक तेच तुला ऐकवतील. तू पौलाचं ऐक. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. देवासमोर नीट असून भागत नाही, माणसांसमोरही दिसलं पाहिजे, असं करिंथकरांना लिहिलं. तेव्हा पद घ्यायच्या आधी धनादेशावर दुसरी सही कोणाची ते विचार. दानाची पेटी दोघांनी उघडायची, दोघांनी मोजायची, आकडा लगेच वहीत चढवायचा. चर्चचे पैसे एका रात्रीपुरतेही तुझ्या गल्ल्यात ठेवायचे नाहीत, सोमवारी सकाळी बँक उघडली की भरून टाकायचे, आणि पावती सूचनाफलकावर लावायची.